‘विज्ञानकथा फुकट आहेत, पुस्तक कशाला घेता?’ कशाला ते सांगतो

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. दोन बेळगावचे, एक निपाणीच्या मित्रांचा, एक आमच्या भावकीचा. मजकूर थोडक्यात असा : विज्ञानकथांची हजारो पुस्तकं नेटवर फुकट आहेत, या फुकट ई-बुकांनी छापील पुस्तक मारलंच आहे, फाईल एकदा उतरवली की जन्मभर आपली, कागदाला मात्र वाळवी, आणि सीमाभागात मराठी पुस्तकं मिळतातच कुठे, तेव्हा आपल्याला तर हाच मार्ग. खाली हात जोडलेले.

मी फोनवर भरपूर वाचतो. जुन्या पुस्तकाच्या वासावर जीव टाकणाऱ्यांतला मी नव्हे. आमच्याकडच्या पावसात तो वास बहुतेक वेळा बुरशीचा असतो. तरीही हा मेसेज पुढे ढकलवेना.

‘हजारो फुकट’. आहेत की. फुकट ई-बुकं देणारा प्रोजेक्ट गुटेनबर्ग 1971 पासून हेच काम करतोय, सत्तर हजारांवर पुस्तकं झाली. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, जुने विज्ञानकथाकार सगळे तिथे सापडतात. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर 60 वर्षं पुस्तकाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतो. वेल्स 1946 मध्ये गेले, म्हणजे 2007 पासून भारतात ते मोकळे. पण कुठल्या भाषेत? व्हर्न 1905 सालीच वारला, मात्र त्याला मराठी पोरांच्या हाती देणारे भा. रा. भागवत गेले 2001 मध्ये. भाषांतराचा हक्क वेगळा मोजतात, त्यामुळे भागवतांचा मराठी व्हर्न 2061 सरेपर्यंत फुकट नाही. जयंत नारळीकर मे 2025 मध्ये गेले. त्यांची पुस्तकं मोकळी व्हायला 2086 उजाडेल, तोवर मेसेज पाठवणाऱ्याचा नातू पेन्शनीत आलेला असेल.

ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी लेखकाला विचारून मराठी पुस्तकं फुकट देतात. ते चांगलंच. पण ग्रुपांवर फिरतं ते हे नव्हे. खानापूरच्या माझ्या भाच्याला असाच एक विज्ञानकथासंग्रह मिळाला. कुणीतरी मोबाईलने पानापानाचा फोटो काढलेला. दर दोन पानांनी कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा, नखाखाली हळदीचा पिवळेपणा. पान 96 नंतर एकदम 99. आणि शेवटची गोष्ट, यान परत फिरायचं की नाही हे ठरायच्या ऐन वेळी, खलास. रात्री अकराला मला फोन : ‘‘मामा, शेवटच न्हाई की वो ह्यात!’’

‘फुकटमुळे छापील मेलं’. इथे तर उलटंच घडलंय, आणि तेही विज्ञानकथेतच. अँडी वीअरने ‘द मार्शियन’ आपल्या वेबसाईटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली. वाचक मागे लागले म्हणून 2011 मध्ये ती किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-बुक यंत्रावर, नाममात्र किमतीला आली, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली, पुढच्या वर्षी सिनेमा. कोरी डॉक्टरोने 2003 मध्ये पहिली कादंबरी छापील बाजारात आली त्याच दिवशी नेटवर मोफत ठेवली. बेन बुक्स या अमेरिकन प्रकाशनाने तर आपल्याच विज्ञानकादंबऱ्यांची मोफत लायब्ररी उघडली होती. एक फुकट वाचलेला दुसरं विकत घेतो, हा साधा दुकानदारी हिशेब. पण यात देणारा लेखक किंवा प्रकाशक होता. अंगठेवाली पीडीएफ कुणी दिली? मराठीत आवृत्ती मुळात लहान. त्यातल्या दोनशे वाचकांनी फोटो वाचले तर दुसरी आवृत्ती निघायची नाही.

‘फाईल जन्मभर आपली’. 2009 मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. हक्क नसलेल्याने ती विकायला ठेवली होती म्हणे. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच. गुटेनबर्गची बिनकुलपाची, म्हणजे कुणाला दुरून काढून घेता न येणारी, फाईल टिकते, नीट जपून ठेवली तर. किती जण जपतात? फोन बदलला की पुस्तकं गेली, लग्नाचे फोटोही गेले. वाळवीचं मात्र खरं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

सगळ्यात झोंबलं ते शेवटचं. सीमाभागात पुस्तकं मिळत नाहीत म्हणे! बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, गावागावांत साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, मांडवाशेजारी पुस्तकांची टेबलं लागतात. त्या टेबलांवर विज्ञानकथा शोधावी लागते, हे कबूल. चरित्रं आणि पाककृतींच्या ढिगाखाली एखादी दबलेली असते. पण मागितली तर विक्रेता पुढच्या खेपेला आणतो. आपण मागत नाही, कारण ‘फुकट आहे की’.

आणि इथे आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्यात बसून कळायची नाही. आमच्या पोरांना रस्त्यावर देवनागरी दिसणं कमी होत चाललंय. पाटी नाही, बसवर नाही. अशा वेळी घरात टीव्हीशेजारी पडलेलं पुस्तक पोराच्या नजरेला येता-जाता पडतं. उलटं ठेवलेलं असलं तरी मलपृष्ठ वाचतो तो. बापाच्या फोनमधल्या चारशे फाईली त्याला दिसतच नाहीत.

भाच्याला त्याच संग्रहासाठी वाचनालयात नेलं. पुस्तक होतं, पण कुणीतरी घरी नेलेलं. नाव नोंदवून आलो. बाहेर पडताना पोरगं म्हणालं, ‘‘पीडीएफला थांबायला लागत न्हाई मामा.’’ मी म्हटलं, थांबलाच आहेस की, पान 96 पासून.