घसा माझा, वकीलपत्र परक्याचे

घशाचे दुखणे सोसता येते. पण त्या दुखण्याविषयी लोकांनी केलेली विधाने खोडून काढायला आवाज लागतो, आणि नेमका तोच गेलेला असतो. काल संध्याकाळी शहापुरातील एका दवाखान्यात माझ्या घशावर जी जाहीर चर्चा झाली, तिच्यात हजर असलेल्या प्रत्येकाला बोलता आले, एकट्या मला आले नाही, ही सल आज सकाळी गुळण्या करतानाही माझ्या मनातून गेलेली नव्हती. बेळगावचा पाऊस, दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळणारी विसर्जनाची मिरवणूक आणि घरातल्या धाकट्याची सर्दी यांपैकी मूळ कारण कोणते, हा वाद घरी अजून मिटायचा आहे.

बाकावर माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक काका बसले होते. ते स्वतः आजारी नव्हते. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी नवी करून घेणे एवढेच त्यांचे काम होते, आणि उरलेली संध्याकाळ त्यांनी उदारपणे माझ्यावर खर्च करायचे ठरवले.

"मास्तर दिसूलालाय," ते म्हणाले.

मी मान हलवून नाही म्हटले.

"वाटलंच ओ मला! पोरांवर वरडून वरडून घसा बसलाय बघा."

मी एका पतसंस्थेत कारकून आहे आणि तेथे ओरडण्याचा अधिकार फक्त ठेवीदारांना आहे, हे खुणेने सांगणे अशक्य होते. म्हणून त्यांनी पुरे करावे अशा अर्थाने मी पंजा वर केला. तो त्यांनी आकडा समजून वाचला. "पाच आठवडे!" असे ते इतक्या खणखणीत आवाजात उद्गारले की समोरच्या बाईंनी आपले मूल उचलून दुसऱ्या मांडीवर घेतले आणि माझ्या उजवीकडचे गृहस्थ उठून पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

त्यानंतर उपाय सुरू झाले. ज्येष्ठमध, लवंग, हळदीचे दूध, तुळशी-आल्याचा काढा, येथवर मीही मान डोलावत होतो, कारण कोमट पातळ पदार्थांनी घसा ओला राहतो, गिळणे सुसह्य होते आणि त्यात अपाय काही नसतो. चमचाभर मधालाही माझी हरकत नव्हती. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, एवढे पथ्य मात्र त्या मांडीवरच्या मुलाच्या आईला सांगावे असे फार वाटले, पण सांगणार कसे? तेवढ्यात काकांनी निपाणीची तपकीर काढली. काढली म्हणजे खरोखरच खिशातून काढली.

"चिमूटभर वढा. शिंका आल्या की घशातलं समदं भाईर!"

तपकीर नाकात जाते आणि दुखणे घशात आहे, हे मी दोन्ही जागांवर बोट ठेवून दाखवले.

"आतनं सगळं एकच हाय की ओ!"

शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे विधान बरोबर असल्यामुळे माझा संताप अधिकच वाढला.

नाव पुकारणाऱ्या मुलीने "एन् आगेद री?" असे मला विचारले, तेव्हा काकांनी माझ्या वतीने कानडीत जे निवेदन केले, त्यात पाच आठवडे तर होतेच, शिवाय माझी शाळा होती, शाळेतील व्रात्य मुले होती आणि बहुधा बदलीचा अर्जही होता. सीमाभागात राहून दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला दोन्ही भाषांत गप्प बसावे लागणे यापरते दुर्दैव नाही. नाव माझे पुकारले गेले आणि आत दोघे गेलो. डॉक्टरांनी काकांना माझे वडीलधारे समजून खुर्ची दिली. मी स्टुलावर बसलो.

"पाच आठवडे आवाज बसलाय?" डॉक्टर गंभीर झाले. "तीन आठवड्यांवर गेलं की कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला दाखवायलाच हवं." मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून 'याच आठवड्यातले दुखणे' असे लिहिले. काका वाकून कागद पाहत म्हणाले, "लिवायची पाळी आली बघा, इतकं वाढलंय."

सुदैवाने डॉक्टरांनी काकांऐवजी घसा तपासला. टॉन्सिलवर पांढरे ठिपके नाहीत, मानेच्या गाठी सुजलेल्या नाहीत, ताप नाही आणि सोबत खोकला व वाहते नाक आहे, तेव्हा हे विषाणूंचे काम दिसते, असे त्यांनी सांगितले. असा घसा बहुधा आठवड्याच्या आत आपोआप बरा होतो. तोवर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, दुखलेच तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि आवाजाला विश्रांती. श्वास घ्यायला त्रास झाला, तोंड उघडेना, किंवा थुंकीही गिळवेना, तर मात्र घरी न थांबता ताबडतोब यायचे.

"म्हंजे इंजेक्शन न्हाई?" काकांचा चेहरा उतरला. "अँटिबायोटिक तरी लिवा की. फी घेतलासा न्हवं?"

फी माझ्या खिशातून गेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले. घसा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंनी धरला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नेहमी दहा दिवसांचे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देतात आणि ते मध्येच सोडायचे नसते, कारण या दुखण्याची, विशेषतः मुलांमध्ये, हेळसांड झाली तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. काकांनी हे सगळे ऐकले आणि बाहेर येताच मला कोपरखळी मारून सांगितले, "चला, मेडिकलात मागू."

आणि खरोखरच मिळाले! चिठ्ठीवर अक्षरही नसताना, काकांनी "घशाचं द्या" एवढेच म्हटल्यावर, त्या दुकानदाराने पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेल्या कॅप्सूल कात्रीने तीन कापून माझ्यापुढे सरकवल्या. दहा दिवसांच्या औषधाचा हा कुठला हिशेब? उद्या खरी गरज पडेल तेव्हा हेच औषध निरुपयोगी ठरले तर कात्री कोणाची म्हणायची? ही रेघ चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणूनच छापलेली असते आणि ती नेमकी विकणाऱ्यालाच दिसत नाही. हे सर्व मला तेथे मोठ्याने बोलायचे होते. घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून दुकानदाराने आणखी एक कॅप्सूल कापली.

मी हाताने त्या परत सारल्या आणि चघळायच्या साध्या गोळ्या घेतल्या. सुटे पैसे नाहीत म्हणून दुकानदाराने उरलेल्या रकमेच्याही त्याच गोळ्या दिल्या, म्हणजे एरवी मी ज्याला अन्याय म्हणून भांडलो असतो, तो काल औषधोपचारात जमा झाला. त्यातल्या दोन काकांनी मागून घेतल्या. माझ्या वतीने इतके बोलून त्यांचा घसा दुखायला लागला होता.