काका, आधी पीडीएफ बोलती करा

शनिवारी सकाळी नऊला इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये माझा चहा उकळत असतो, तेव्हा लातूरजवळच्या एका गावात दुपारचे दीड वाजलेले असतात. हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तिकडे अडीच. तिथली एक विद्यार्थिनी लाइट असेल तर लॅपटॉपवर येते, नाहीतर फोनवर. तिला जन्मापासून दिसत नाही. एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलंय. एका स्वयंसेवी संस्थेने मला तिचा ऑनलाइन मेंटॉर केलंय.

पहिल्या दिवशी मी करिअर, मुलाखत, बायोडेटा असलं बरंच काही काढून बसलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आधी ही नोट्सची पीडीएफ बोलती करून द्या."

ती एनव्हीडीए वापरते. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला हा फुकट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मराठीही वाचतो. पण कॉलेजच्या नोट्स म्हणजे एकतर झेरॉक्सचे फोटो, त्यावर तो गप्प बसतो, किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना 'चलनवाढ' दिसते, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. एनव्हीडीए तो इमानदारीने वाचून दाखवतो. एकदा तिने मला दोन मिनिटं ऐकवलं. आमचे कित्येक शनिवार याच मिस्त्रीकामात गेले.

आणि आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर काय चाललेलं असतं? २०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून गदारोळ झाल्यापासून मी हिचा विषय काढला की कुणीतरी विचारतंच, "सर्टिफिकेट खरं आहे ना रे?" ते थंडावलं की 'अपंग' म्हणावं की 'दिव्यांग' यावर शंभर मेसेज. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार, सरकारी नोकरीत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा, हे सगळ्यांना पाठ. खोटी प्रमाणपत्रं पकडावीतच, माझं काही म्हणणं नाही. पण पुरावा दरवेळी तिनेच का द्यायचा? तुमच्या नोट्स तिला वाचता येतात याचं सर्टिफिकेट कॉलेजकडे कधी कुणी मागितलंय?

इथे २०१०चा समानता कायदा विद्यापीठाला सांगतो की असे विद्यार्थी येणार हे गृहीत धरून आधीच सोय करा. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०२५मध्ये इथल्या सरकारने अपंगत्व भत्त्याचे निकष कडक करायला घेतले, स्वपक्षाच्याच खासदारांनी बंड केलं तेव्हा माघार घेतली. 'हे लोक खरंच आजारी असतात का' हा सूर इथल्या पबमध्येही ऐकू येतो. संशयाला व्हिसा लागत नाही.

तरी मला इथली हवा लागलेलीच. कायद्याची कलमं घालून मी प्राचार्यांच्या नावे खणखणीत अर्ज लिहून दिला. ती खो खो हसली. "हा दिला ना काका, तर लेखनिक मिळतोय तोही जाईल!" मिळतोय तो म्हणजे परीक्षेत ती सांगेल ते उत्तर लिहिणारी अकरावीतली एक मुलगी. मागच्या पेपरात या मुलीने 'राजकोषीय'चं 'राजकीय' केलं होतं. मी रेडिंगहून कलमं फेकणार, परीक्षेला बसणार ती. अर्ज माझ्याकडेच राहिला.

तिने मग स्वतःच वाट काढली. प्राध्यापकांच्या नोट्स कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला टाइप करतो, हे तिला माहीत होतं. त्याच्याकडे मैत्रिणीला घेऊन गेली आणि युनिकोडमध्ये टाइप करायला लावलं. मला ठाऊकसुद्धा नव्हतं की सगळी गाडी त्या टपरीवर अडली होती.

मागच्या शनिवारी तिने नवी फाइल लावली. आवाज इतका भरधाव की मला एक शब्द कळेना. ती मात्र ऐकता ऐकता मध्येच 'हं' म्हणत होती.

"काका," ती म्हणाली, "तुमच्यासाठी हळू करू का?"