ग्रीक मंदिर म्हणे! थर्माकोलचा मांडव आहे तो

'अस्सल ग्रीक मंदिर' म्हणून मॉड्युलर किट, म्हणजे जोडून वापरायचे सुटे थ्रीडी भाग, विकायला ठेवतात आणि अनरियल या गेम इंजिनमध्ये उघडलं की निघतात लग्नाच्या हॉलमधले थर्माकोलचे खांब! वर डोरिक शिर, खाली आयोनिक बैठक, म्हणजे दोन वेगळ्या ग्रीक शैलींची खिचडी. अरे, ग्रीक डोरिक खांबाला बैठक नसतेच, तो थेट जोत्यावर उभा असतो.

खांबावरच्या पन्हळी, म्हणजे उभ्या खाचा, मोजा. १६, नाहीतर ३२. का? तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सिलिंडर मुळात ३२ बाजूंचा येतो आणि तो आकडा बदलायचे कष्ट कोण घेणार! अथेन्सच्या पार्थेनन मंदिराच्या खांबाला २० पन्हळी आहेत. प्रत्येकीचे चार भाग धरा, म्हणजे ८० बाजू. खांबाच्या अंगाला असलेल्या हलक्या फुगवट्यासाठी उंचीत १२ टप्पे. प्रत्येक चौकोनाचे दोन, असे झाले १,९२० त्रिकोण. प्रचंड त्रिकोण पेलणारं अनरियलचं नॅनाइट हाताशी असताना एवढ्याचीही कंजुषी? पन्हळी नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे खाचांचा नुसता आभास देणाऱ्या चित्रात, कोंबल्या की आकाशासमोर खांबाची कड पाइपासारखी गुळगुळीत दिसणारच. ज्यांनी खरोखर कोरल्या, त्यांनी सगळं स्मूद करून रबर केलं. डोरिकमध्ये दोन पन्हळींमध्ये धार असते, धार! सपाट पट्टी आयोनिकची, तिथे पन्हळी २४. आणि फुगवटा? पार्थेननच्या १०.४ मीटर उंचीत तो दोन सेंटीमीटरच्याही आत आहे, इथे पिंप करून ठेवलंय.

पण डोकं खरं फिरतं ते कोपऱ्यावर. दोन खांबांमधला एक गाळा बनवायचा, ठरावीक अंतरावर आपोआप चिकटवणारं ग्रिड स्नॅप लावायचं आणि ४.३ मीटरवर कॉपी मारत सुटायचं. ट्रायग्लिफ, म्हणजे तुळईवरच्या पट्टीतला उभ्या खाचांचा ठोकळा, प्रत्येक खांबाच्या मध्यावर हवा, दोन खांबांच्या मधोमध हवा आणि कोपऱ्यावर दोन ट्रायग्लिफ एकमेकांना भिडायलाही हवेत. तुळई ट्रायग्लिफपेक्षा जाड, म्हणून कोपऱ्यातला ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावरून बाहेर सरकतो आणि शेजारचा मेटोप, म्हणजे दोन ट्रायग्लिफांमधली चौकोनी फरशी, ताणला जातो. यावर ग्रीकांनी कोपऱ्याचा खांबच आत घेतला. पार्थेननमध्ये शेवटचं अंतर सुमारे ३.७ मीटर आहे. म्हणजे कोपऱ्याचा गाळा वेगळा मॉड्यूल हवा, त्यातला खांबही किंचित जाड. किटात तो असतो? छे! कोपऱ्यावर अर्धा मेटोप लोंबत ठेवतात, जो रोमन पद्धतीत चालून जातो.

जोतंही सपाट नाही बरं. लांब बाजूला मध्यभागी सुमारे ११ सेंटीमीटर वर उचललेलं आहे, त्यामुळे सगळ्या खांबांना एकच झेड, म्हणजे उंचीचा आकडा, दिला की मधले जोत्यात रुततात.

गाभाऱ्याच्या भिंती, फरशी, छप्पर सगळं एकाच मेशमध्ये, म्हणजे एकाच सलग थ्रीडी वस्तूत. अनरियलमधला उजेड मोजणाऱ्या ल्युमेनची कार्डं, म्हणजे पृष्ठभाग टिपणाऱ्या त्याच्या चौकटी, आतल्या भागापर्यंत पोचत नाहीत, ते टिपलेलं दाखवणाऱ्या सरफेस कॅश व्ह्यूमध्ये गुलाबी डाग पडतात, मग 'ल्युमेन भंगार आहे' म्हणून बोंबलायचं. भिंती सुट्या करा आणि १० सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवा, नाहीतर उजेड गळणारच.

आणि पिव्हट, म्हणजे वस्तूची जागा जिथून मोजतात तो बिंदू, कुठे, तर खांबाच्या पोटात! झेड शून्य केला की निम्मा खांब जमिनीत. तो तळाच्या मध्यावर आणायला दोन क्लिक लागतात हो, दोन!