'हितचिंतक' यांना उत्तर

नाव लपवून हितचिंतन करणाऱ्यांना मी सहसा उत्तर देत नाही. पण तीन दिवस तुमचं एक वाक्य डोक्यातून जाईना. किडनीच्या रुग्णासाठी वरण-भाजी कशी करावी या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "डाळ रात्रभर भिजवली की पोटॅशियम निघून जातं हे चूक. फॉस्फरस, स्टेज, डायबेटिस यांचा पत्ताच नाही. घरबसल्या डॉक्टर होऊ नका, एखाद्याचा जीव जाईल."

भिजवण्याचं मान्य. (किडनी बिघडली की पोटॅशियम रक्तात साठतं, म्हणून हा सगळा खटाटोप.) नुसतं भिजवून थोडंच जातं, खरं काम भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यात आहे. वाक्य दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता 'घरबसल्या डॉक्टर'. हो, बसते मी घरी. यांचा आजार निघाला त्याला 9 वर्षं झाली, तेव्हापासून याच ओट्यापाशी उभी आहे. पहिल्या डॉक्टरांनी डाळ, उसळ, पालेभाजी, टोमॅटो, शहाळं सगळं एका दमात बंद केलं. सहा महिन्यांत यांचं वजन 7 किलो उतरलं, पँट कमरेवर राहीना. मग आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रथिनं असा हिशेब मांडला आणि त्यात मूगडाळीचं वाटीभर वरण बसवून दिलं. बटाट्याची सालं काढायची, बारीक फोडी करायच्या, पातेलंभर पाण्यात उकळायच्या, पाणी मोरीत. दुधी, दोडका, पडवळ बिनघोर. पालक क्वचित, तोही उकडून पिळून.

तुम्ही कधी होळीला पुरणाचा कट एखाद्याच्या ताटापासून लांब ठेवलाय? डाळीतून सुटलेलं पोटॅशियम त्या कटातच उतरतं. घरभर पोळ्यांचा वास सुटलेला असतो, सगळे कटाच्या आमटीचे भुरके मारतात आणि हे कोरडी पोळी तुपाशी खातात. ही मोरीपाशी शिकलेली विद्या आहे, साहेब. की बाई? नावच नाही म्हटल्यावर कळणार कसं.

आणि जिवाचं म्हणाल, तर यांच्या रक्तातलं पोटॅशियम 6.4 वर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर जाऊन रात्री दवाखाना गाठावा लागला, तो डाळीने नव्हे. बीपीसाठी आणलेल्या 'लो सोडियम' मिठाने. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ते मीठ मीच आणलं होतं, कुणाला न विचारता. पण तो इथला मुद्दा नाही.

फॉस्फरस, आजाराची स्टेज वगैरेंसाठी लेखाच्या तळाशी 'आपल्या डॉक्टरांना विचारा' असं लिहिलंय. तिथवर वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. (डाळीतला फॉस्फरस बराचसा अंगी लागत नाही; पाकीटबंद खाण्यात वरून घातलेला जवळजवळ सगळा लागतो. तिकडे बघा जरा.)

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच ठेवीन.