किडा मागवताय? मग एवढं ऐकाच

पिकावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडलाय? मग फवारणीच्या फंदात पडू नका. विष मारणं आता मागासलेपणाचं लक्षण समजतात. त्यापेक्षा परदेशातून एखादा ढालकिडा (लेडीबर्ड) मागवा. मावा तो खाईल, निसर्गप्रेमी म्हणून तुम्ही मिरवाल.

शंका घेणारे भेटतीलच. त्यांच्या तोंडावर 1888 सालचा कॅलिफोर्निया फेकायचा. तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीनं उद्ध्वस्त केल्या होत्या. आल्बर्ट कोबेले नावाच्या गृहस्थांनी ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया हा ढालकिडा शोधून पाठवला आणि दोनेक वर्षांत बागा सावरल्या. या एका किश्श्यावर पुढची शंभर वर्षं काढता येतात. फक्त एक बारीक गोष्ट बोलायची नाही: व्हेडालिया जवळजवळ त्या एकाच किडीवर जगतो. यशाचं कारण नेमकं तेच होतं, पण ते सांगत बसलं की पुढचं कामच होत नाही.

आता घरजावई निवडूया. एकच पदार्थ खाणारा कसला बघता? जपान, चीन, कोरिया, सायबेरियाकडचं एक उत्तम स्थळ आहे, हार्लेक्विन ढालकिडा. कधी लाल, कधी नारिंगी, कधी चक्क काळा. अंगावर एकोणीसपर्यंत ठिपके, नाहीतर एकही नाही. फोटो छान येतो.

सुरुवातीला तो रुजत नाही, म्हणून खचू नका. अमेरिकेनं 1916 मध्ये तो कॅलिफोर्नियात सोडला, काही झालं नाही. पुढे पुन्हा पुन्हा सोडला. 1978 ते 1982 या काळात तर सरकारी कृषी खात्यानंच अनेक राज्यांत सोडला, तरी पत्ता नाही. अखेर 1988 मध्ये लुइझियानात तो मोकळ्या रानात सुखानं नांदताना सापडला. चिकाटी म्हणतात ती ही.

युरोपानं एवढी वाट पाहिली नाही. 1995 पासून तिथे तो हरितगृहांसाठी सरळ विकायलाच ठेवला. विकताना सांगण्यासारखे गुण भरपूर होते: खादाड आहे, झपाट्यानं वाढतो, थंडी सोसतो, मावा संपला तरी दुसरं काही खाऊन तगतो. हा कागद जपून ठेवा. पुढे आरोपपत्र लिहायची वेळ आली की एक अक्षर बदलावं लागत नाही.

कारण ‘दुसरं काही’ म्हणजे इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या. हा आल्यानंतरच्या पाच वर्षांत दोन ठिपक्यांचा स्थानिक ढालकिडा बेल्जियममध्ये 30 टक्क्यांनी आणि ब्रिटनमध्ये 44 टक्क्यांनी घटला. शिवाय हा स्वतःच्या रक्तात सूक्ष्म परजीवी बाळगतो. त्यांचा याला काहीच त्रास नाही, पण तेच स्थानिक ढालकिड्याला टोचले तर तो मरतो. जर्मन संशोधकांनी हे 2013 मध्ये दाखवून दिलं, म्हणजे विक्री सुरू झाल्यावर अठरा वर्षांनी. अभ्यासाला वेळ हा लागतोच.

शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही. ब्रिटननं हा किडा मागवला नव्हता. 2004 मध्ये एसेक्समधल्या एका पबच्या बागेत तो आपणहून हजर झाला आणि दहाएक वर्षांत इंग्लंड-वेल्सभर पसरला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. यावर इंग्रजांनी काय केलं? किडा दिसला की कळवा, असं लोकांना आवाहन केलं. हजारोंनी कळवलं. किडा हटला नाही, नकाशा मात्र देखणा झाला.

द्राक्षं पिकवत असाल तर अजून एक लाभ. हिवाळ्याच्या तोंडावर मावा कमी झाला की हा घडांत जाऊन बसतो, द्राक्षांबरोबर चिरडला जातो आणि वाइनला शेंगदाण्याचा, ढोबळी मिरचीचा वास देतो. मोजके किडेही पुरतात. कॅनडाच्या ओन्टारियोतल्या वाइनवाल्यांनी 2001 मध्ये याची चव घेतली. द्राक्षं झाली की हा थव्यानं घरात शिरतो, खिडक्यांच्या फटीत, माळ्यावर मुक्काम ठोकतो. डिवचलं की पायांच्या सांध्यांतून पिवळा, घाणेरड्या वासाचा द्रव सोडतो. पडद्यावरचे डाग निघत नाहीत आणि काहींना अ‍ॅलर्जीही होते. म्हणून पडदे पिवळेच घ्या.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकूण या पिठासारख्या पांढऱ्या किडीवर क्रिप्टोलेमस सोडतात, तोही ऑस्ट्रेलियाचा ढालकिडाच. खरंय. 1898 मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला, ते काम काही त्याला नीट जमलं नाही. पण पिठ्या ढेकूण दिसला की मन लावून खातो. अशा सालस किड्याची बातमी होत नाही. त्याचं उदाहरण देऊन आमचा मुद्दा बिघडवू नका.

शेवटी खरेदीबद्दल. फ्रान्समध्ये निवड करत करत या हार्लेक्विनची न उडणारी जात तयार केली. ती 2000 च्या सुमारास बाजारात आली. तोवर उडणारे उडाले होते. तरी पैसे मोजून घ्यायची असेल तर हीच घ्या. उडणारे फुकटच येतात.