खास तुमच्यासाठीच

पायाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर चढलं आणि नेमकी त्याच वेळी एका कागदावर साहेबांची सही हवी झाली. पुतण्याने कुठूनशी चाकांची खुर्ची पैदा केली नि आम्ही कार्यालयावर धडकलो. अक्षरशः. पहिल्याच पायरीवर.

पायऱ्या तीनच. इतकी वर्षं चढलो, पण मोजल्या कधी नव्हत्या.

पुतण्या आर्किटेक्चर शिकतो, त्यामुळे खिशात टेप. "काका, पंधरा-पंधराच्या तीन, म्हणजे 45 सेंटीमीटर. एकास बाराचा उतार धरला तर रॅम्प 5.4 मीटर हवा." इथला जेमतेम दोन मीटर भरला. रॅम्प कसला, घसरगुंडीच ती. वर साखळी, साखळीला कुलूप.

"लोक दुचाक्या चढवतात हो," रखवालदार म्हणाला. किल्ली साहेबांकडे, साहेब दुसऱ्या मजल्यावर.

"मग लिफ्ट?"

"आहे की! आत."

शेवटी चार जणांनी मला खुर्चीसकट उचललं. चौघांची उंची चार तऱ्हेची. "डावीकडून जपून, कोपरा लागेल!" कपाटाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. वर पोचल्यावर खिडकीतल्या बाईंनी पुतण्याला विचारलं, "यांना सही करता येते का?" मोडला होता पाय, तोही डावा.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशाही होत्या. सेइइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थाने 1965 साली त्या शोधल्या, दोन वर्षांनी ओकायामात पहिल्यांदा बसवल्या, हे पुतण्याने ऐकवलं. उभ्या पट्ट्या म्हणजे सरळ चला, ठिपके म्हणजे सावधान. इथल्या पट्ट्या खुशाल सरळ जाऊन कुंडीत शिरत होत्या. ठिपके बहुधा कुंडीखाली असावेत.

स्वच्छतागृहाच्या दारावर मात्र खुर्चीचं झकास चित्र. आत खुर्ची वळायला दीड मीटरची गोल जागा लागते म्हणे. तेवढी होती, फक्त ती बादल्या, झाडू आणि एका मोडक्या खुर्चीने व्यापलेली. म्हणजे जागा खुर्चीसाठीच राखीव होती, तक्रार करायला तोंड नाही.

सही झाली. निघताना खुद्द साहेब किल्ली घेऊन खाली आले, स्वहस्ते कुलूप काढलं. "उचलून कशाला नेताय? रॅम्पवरून जा की. खास तुमच्यासाठीच बांधलाय."

मी वरून त्या उताराकडे पाहिलं. खाली, बरोबर समोर, विजेचा खांब होता.

"पुतण्या," मी म्हटलं, "ते चौघं गेले का रे?"