‘दोन ओळींत काम झालं असतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्स डेस्कटॉपवर अपग्रेडनंतर आवाजाचा स्लायडर बिघडला तर काय करावं, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला, लेख विनाकारण लांबला आहे. आवाज आणि चित्र इकडून तिकडे पोचवणारा पाइपवायर काढा, त्याच्या आधी आवाजाचं काम करणारा जुना पल्सऑडिओ बसवा, सेटिंगचं फोल्डर उडवा आणि मशीन रीस्टार्ट करा, एवढं पुरे होतं. तुमचं काम तसंच झालं. दुसरा, धड चालणारी गोष्ट अपग्रेडने बिघडवायची आणि निस्तरायचं वापरणाऱ्याने, हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप मला बराचसा पटतो, त्याकडे येतेच. पहिला मात्र पटत नाही.

तुम्ही एका दमात चार गोष्टी बदलल्या. त्यातली लागू कोणती पडली? तुम्ही लिहिलंय की स्लायडर हलायचा, पण गाण्याचा आवाज आहे तेवढाच राहायचा. शिवाय हेडफोन मुके होते आणि स्लायडर वीस टक्क्यांखाली गेला की आवाज एकदम गप्प व्हायचा. यातल्या पहिल्या तक्रारीचं एक नेहमीचं कारण असं: अपग्रेडनंतर मुख्य आउटपुट म्हणून एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर निवडला जातो आणि वरच्या पट्टीतला स्लायडर त्या मॉनिटरचा आवाज कमीजास्त करू लागतो. गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र स्पीकरची निवड आधीच साठवलेली असते, त्यामुळे ते स्पीकरवरच वाजत राहतं. असं असेल तर सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की झालं. काहीही काढायची गरज नव्हती.

काढण्याची किंमतही आहे, आणि ती दोन ओळींच्या उपायात कुणी सांगत नाही. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) स्क्रीन शेअर करताना चित्र पाइपवायरमधूनच जातं. तो पूर्ण काढला की आवाज परत येतो, पण पुढच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तुमचा स्क्रीन कुणाला दिसत नाही, आणि त्याचा संबंध आपल्याच जुन्या उपायाशी आहे हे तेव्हा आठवतही नाही. पल्सऑडिओ वापरण्यात गैर काहीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याची १७.० ही आवृत्ती आली आहे. तोच हवा असेल तर पाइपवायर जागेवर राहू द्या आणि त्याचा पल्सऑडिओची जागा घेणारा भाग (पाइपवायर-पल्स) तेवढा बदला. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने एप्रिल २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून आवाजासाठी पाइपवायर घेतला, उबुंटूने २२.१० पासून. आता डेस्कटॉपचे बरेच भाग तो आहे असं धरूनच चालतात.

लेखात मी आवाजाचे थर समजावत बसले, ही तुमची मुख्य तक्रार. पण ते थर कळल्याशिवाय बिघाड कुठे आहे हे शोधता येत नाही. एक आवाज प्रोग्रामचा, दुसरा पाइपवायरच्या आउटपुटचा आणि तिसरा खाली साउंड कार्डाचा, जो अल्सा, म्हणजे लिनक्समधला साउंड कार्डाशी थेट बोलणारा भाग, सांभाळतो. एकाच नळावर तीन तोट्या असाव्यात तसं हे आहे: कुठलीही एक बंद असली तरी पाणी येत नाही. पाव्हूकंट्रोल हा आवाजाच्या नियंत्रणाचा प्रोग्राम उघडा आणि गाणं लावा. प्लेबॅकच्या टॅबमध्ये त्या प्रोग्रामखालची रेघ हलत असेल तर प्रोग्राम आवाज पाठवतोय, पुढे खाली बघायचं. हलत नसेल तर साउंड कार्डाच्या वाटेला जाऊच नका.

खाली बघताना बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर सुरू केलं की बऱ्याचदा मास्टर नावाचा एकच खांब दिसतो. तो खरा कार्डाचा नसतो, पाइपवायरनेच पुढे केलेला असतो. लोक तो पूर्ण वर नेतात आणि कार्ड ठीक आहे असं समजतात. एफ६ दाबून खरं कार्ड निवडलं की मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम असे वेगवेगळे खांब दिसतात. खांबाखाली दोन एम असतील तर तो म्यूट आहे. एम दाबला की तिथे दोन शून्यं येतात. तुमचे हेडफोन मुके होते ना? मी पहिली शंका इथेच घेतली असती. हेडफोन लावले की स्पीकर आपोआप बंद करणारा ऑटो-म्यूट हा पर्यायही तिथेच सापडतो.

आता वीस टक्क्यांखाली आवाज एकदम गप्प होण्याबद्दल. याचं उत्तर दोन ओळींत देणं मला खरंच शक्य नव्हतं. स्लायडरचा आकडा सरळ प्रमाणात चालत नाही, त्याचा घन केला जातो. म्हणजे ५० टक्के म्हणजे मूळ तीव्रतेच्या साधारण १८ डेसिबल खाली आणि २० टक्के म्हणजे जवळपास ४२ डेसिबल खाली. कानाला चढउतार सारखा वाटावा म्हणून हे केलेलं आहे आणि पल्सऑडिओही असंच करतो. पण काही कार्डं आपल्या डेसिबलची माहिती चुकीची देतात. मग पाइपवायर त्या माहितीवर विसंबून हार्डवेअरचा आवाज उतरवतो आणि तो शून्यावर जाऊन आदळतो. अशा वेळी सॉफ्ट-मिक्सरचा पर्याय चालू करायचा. त्यानंतर कार्डाच्या खांबांना कुणी हात लावत नाही, आवाज सॉफ्टवेअरमध्येच कमीजास्त होतो. म्हणून ते खांब एकदा स्वतः वर नेऊन ठेवावे लागतात.

हा पर्याय तुम्ही पूर्वी कधी लावला होता का, ते आठवून बघा. कारण पाइपवायरचं कामकाज पाहणाऱ्या वायरप्लंबरने ०.५ या आवृत्तीत सेटिंग लिहिण्याची पद्धतच बदलली. आधी ती लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली असत, आता साध्या कॉन्फ फाइलमध्ये लिहावी लागतात. जुनी लुआ फाइल जागच्या जागी असते, उघडली तर अक्षर न् अक्षर बरोबर दिसते, पण ती आता लागू होत नाही. दोन वर्षांपूर्वी सोडवलेला त्रास अपग्रेडनंतर पुन्हा सुरू होतो तो असा.

आणि इथेच तुमचा दुसरा आक्षेप मला पटतो. वापरणाऱ्याच्या हाताने लिहिलेली सेटिंग रद्द होत असेल तर ते त्याला डेस्कटॉपवर समोर दिसेल असं सांगायला हवं. लॉगमध्ये डोकावणारी माणसं किती असतात? बदलाला माझा विरोध नाही. पाइपवायरमुळे ब्लूटूथ आणि स्क्रीन शेअरिंग पूर्वीपेक्षा खूप सुधारलं. पण सेटिंग गेली हे कळायला आवाज जावा लागू नये.

तुम्ही सांगितलेल्या रीस्टार्टबद्दलही एक गोष्ट. पूर्ण मशीन बंद करायची गरज नसते. पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तीन सेवा तुमच्या स्वतःच्या खात्याखाली चालतात, त्या तेवढ्या पुन्हा सुरू करा. कमांडच्या आधी सुडो (रूट, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचे अधिकार देणारा शब्द) लावू नका. सुडो लावलं तर कमांड रूटच्या सेवा शोधत बसते आणि तुमच्या सेवा होत्या तशाच राहतात. लक्षात ठेवलेल्या पातळ्या पुसायच्याच असतील तर होममधल्या डॉट-लोकल फोल्डरात स्टेट आणि त्यात वायरप्लंबर असं फोल्डर आहे. ते उडवू नका, दुसरं नाव देऊन बाजूला ठेवा. फरक पडला नाही तर परत आणता येईल.

पाइपवायरकडे पुन्हा वळलात तर एफ६ दाबून निवडलेल्या कार्डाचं नाव आणि त्यावरच्या खांबांची स्थिती इथेच लिहा. डेस्कटॉपचा स्लायडर हलवताना त्यातला कुठला खांब हलतो आणि कुठला हलत नाही, तेही लिहा. तेवढ्यावरून सॉफ्ट-मिक्सर लावायचा की नाही हे ठरवता येईल, आणि कॉन्फ फाइलमध्ये नेमकं काय लिहायचं ते मी तुमच्या कार्डासाठी लिहून देईन.